जेवल्या पोटी वाचला म्हणून

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा पेशंटचा मुलगा किंवा जावई असतो. शिकलेला, विचार करणारा. ‘डॉक्टर, हायवेवर अपघात झालेल्या माणसाला तुम्ही आणल्या आणल्या टेबलावर घेता. तो काय उपाशी असतो? ढाब्यावर जेवून निघालेला असतो. त्याचं ऑपरेशन होतं, तो बरा होऊन घरी जातो. मग आमच्या आईला रात्रीपासून पाण्याचा थेंबही का नको?’ अलीकडे हा नुसता प्रश्न राहिलेला नाही, त्याचं ठाम मत झालं आहे. उपाशी ठेवणं ही दवाखान्यांनी चालू ठेवलेली जुनी रीत, तिच्यामागे शास्त्र नाही, आणि इमर्जन्सीत ती बाजूला ठेवली जाते हाच त्याचा पुरावा, असं सांगणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि हे मत मला खोडून काढायचं आहे. त्यात एक तक्रार आहे आणि एक निष्कर्ष आहे. तक्रार खरी आहे. आपल्याकडे पेशंटना गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ उपाशी आणि तहानलेलं ठेवलं जातं, आणि त्याचा दोष आमच्याकडे, म्हणजे डॉक्टर आणि हॉस्पिटलांकडे येतो. निष्कर्ष मात्र घातक आहे. आमच्यातले बरेच जण तक्रार ऐकूनच घेत नाहीत, आणि बाहेरचे बरेच जण निष्कर्ष खरा मानून पहाटे पेशंटला गुपचूप चहा पाजतात. दोघांनाही उत्तर द्यायला हवं. आधी निष्कर्षाचं बघू.

अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडं घशात एकमेकींना लागून आहेत. जागेपणी आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेवर झाकण येतं, स्वरतंतू मिटतात. चुकून एखादा दाणा तिकडे गेलाच तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. खाली जठराच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं, ते पोटातलं पोटात ठेवतं. पूर्ण भूल दिली की यातलं काहीच काम करत नाही. गिळणं थांबतं, ठसका थांबतो, कडं सैल पडतं. त्या वेळी जठरात अन्न असेल तर ते वर येण्यासाठी उलटी व्हावी लागत नाही. उलटीला स्नायूंचा जोर लागतो, ती दिसते, ऐकू येते. भुलेतल्या माणसाच्या पोटातलं मात्र आवाज न करता घशात चढतं आणि तिथून फुप्फुसात उतरतं. कधी कधी मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागल्यावरच ते लक्षात येतं. घन तुकडा असेल तर श्वासाची वाट बंद होते आणि पेशंट गुदमरतो. जठरातलं आम्ल असेल तर ते फुप्फुसाचं नाजूक अस्तर भाजून काढतं, पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी साचतं, आणि साध्या हर्नियासाठी आलेला माणूस व्हेंटिलेटरवर जातो.

हे कुणी घाबरवण्यासाठी रचलेलं नाही. कर्टिस मेंडेल्सन नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली न्यूयॉर्कच्या लाइंग-इन हॉस्पिटलमधल्या १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६६ जणींच्या फुप्फुसात भुलेखाली पोटातला ऐवज गेला होता. दोघी दगावल्या, दोघींच्याही श्वासनलिकेत घन अन्न अडकलं होतं. मेंडेल्सन तिथे थांबला नाही. त्याने सशांच्या फुप्फुसात एकदा आम्लयुक्त द्रव सोडला आणि एकदा आम्ल मारून टाकलेला. आम्ल गेलेल्या सशांना बायकांसारखाच त्रास झाला. धाप, निळेपणा, फुप्फुसात पाणी. आम्ल मारलेला द्रव गेला तेव्हा ते चित्र दिसलं नाही. जीव घेण्याच्या दोन वाटा, अडकणं आणि भाजणं, तेव्हा स्पष्ट झाल्या.

या निबंधाबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर तिच्यात आहे. बाळंतपण ही ठरवून येणारी गोष्ट नाही. कळा सुरू होतात तेव्हा बाई जेवलेली असू शकते. म्हणून मेंडेल्सनने कळा सुरू झाल्यावर तोंडाने खायला देऊ नका एवढंच सांगितलं नाही. शक्य तिथे पूर्ण भूल टाळून जागा बधिर करा, भूल देण्याआधी पोटातलं आम्ल मारा, पोट रिकामं करा, हाताशी सक्शन ठेवा, तिरपं करता येणारं टेबल ठेवा, आणि भूल देणारा माणूस जाणता असू द्या, हेही त्याने त्याच निबंधात लिहिलं. उपाशी ठेवण्याचा नियम आणि उपाशी नसलेल्या पेशंटला सांभाळण्याची पद्धत, दोन्ही एकाच अनुभवातून आणि एकाच धोक्यासाठी आल्या आहेत. इमर्जन्सीची पद्धत नियमाला खोटं पाडत नाही. नियम पाळणं शक्य नसतं तेव्हा त्याच धोक्याशी ती दुसऱ्या मार्गाने लढते.

तो दुसरा मार्ग कसा असतो हे नातेवाइकांना कधी दिसत नाही. थिएटरचं दार बंद होतं आणि दोन तासांनी ‘ऑपरेशन चांगलं झालं’ एवढंच कानावर येतं. म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

१०८च्या अँब्युलन्समधून एक तरुण येतो. प्लीहा फाटलेली, पोटात रक्त साचलेलं. तासाभरापूर्वी जेवलेला. त्याला सहा तास थांबवलं तर तो रक्तस्रावाने जाईल, तेव्हा थांबण्याचा प्रश्नच नाही. आम्ही त्याचं पोट भरलेलं आहे असं धरूनच चालतो. टेबलाची डोक्याकडची बाजू वर उचलतो. सक्शन चालू करून नळी उशीखाली, हाताला लागेल अशी ठेवतो. तोंडावर मास्क घट्ट धरून तीनेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतो, म्हणजे फुप्फुसातला नायट्रोजन निघून जातो आणि पुढे श्वास थांबल्यावर हाताशी थोडी मिनिटं राहतात. मग झोपेचं औषध आणि लगोलग स्नायू सैल करणारं औषध, बहुधा ज्याला आम्ही सगळे स्कोलीन म्हणतो ते, मोजून ठरवलेल्या डोसमध्ये एकदम देतो. एरवी आपण भूल हळूहळू, पेशंटचा प्रतिसाद बघत वाढवतो. इथे तेवढी उसंत नसते. एरवी झोपल्यावर मास्कने श्वास देतो. इथे तोही शक्यतो देत नाही, कारण दाबलेली हवा पोटात जाऊन आतलं वर ढकलते. सहायक गळ्यातल्या क्रिकॉइड कूर्चेवर दाब देऊन उभा असतो. मिनिटभरात स्नायू सैल होतात, लॅरिंगोस्कोपने श्वासनलिकेचं तोंड दिसतं, नळी आत जाते, तिच्याभोवतीचा फुगा फुगवला जातो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर दिसला की मगच सहायक हात काढतो. ऑपरेशन संपल्यावरही सुटका नसते. पेशंट पुरता जागा होऊन स्वतः गिळू लागेपर्यंत नळी काढायची नाही.

या पद्धतीतलं सगळंच वादातीत आहे असंही नाही. क्रिकॉइडवरचा दाब ब्रायन सेलिक याने १९६१ साली लंडनहून सुचवला आणि जगभर तो रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत सुमारे साडेतीन हजार पेशंटांपैकी निम्म्यांना खरा दाब दिला आणि निम्म्यांना नुसता दिखाव्याचा. पोटातलं फुप्फुसात जाण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आज काही भूलतज्ज्ञ दाब देतात, काही देत नाहीत. ज्या उपायावर आपण जेवलेल्या पेशंटच्या सुरक्षिततेची भिस्त ठेवतो तोच किती खात्रीचा आहे यावर आम्ही अजून वाद घालतो आहोत. पोट रिकामं असण्याची बरोबरी करणारं दुसरं काही आमच्याकडे नाही.

आता कुणी म्हणेल, ही पद्धत एवढी तयार आहे तर सगळ्यांनाच वापरा आणि सगळ्यांना जेवू द्या. हे ऐकायला सोयीचं आहे, पण त्याची किंमत पेशंट चुकवतो. ठरलेला डोस एकदम दिल्याने म्हाताऱ्या किंवा हृदय कमकुवत असलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर धाडकन उतरू शकतं. स्कोलीनने अंग दुखतं, भाजलेल्या किंवा लकवा झालेल्या पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं, आणि क्वचित एखाद्याला आनुवंशिक दोषामुळे अंग भट्टीसारखं तापण्याचा जीवघेणा विकार होतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नळी पहिल्या प्रयत्नात गेली नाही तर वेळ थोडा उरतो आणि सुरक्षित पर्याय कमी. गावात पूर आला असताना माणसं दोरीला धरून ओढा ओलांडतात आणि पलीकडे पोचतातही. म्हणून पुलाची गरज नाही असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ साली २,१५,४८८ भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत पोटातलं फुप्फुसात जाण्याची घटना ३,८८६ भुलींमागे एकदा घडली होती. इमर्जन्सीत ८९५ मागे एकदा. चौपटीहून अधिक फरक, आणि तोही सर्व खबरदारी घेणाऱ्या, नावाजलेल्या संस्थेत. ‘अपघातवाला वाचलाच ना?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे: बहुतेक वाचतात, पण ते चौपट धोका घेऊन वाचतात, आणि तो धोका आम्ही फक्त एवढ्यासाठी पत्करतो की थांबण्याचा धोका त्याहून मोठा असतो. तुमच्या आईच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या बाबतीत थांबण्याचा धोका शून्याजवळ आहे. तिला चौपट धोक्यात घालायचं कारण काय?

‘पण ३,८८६ मध्ये एक म्हणजे काहीच नाही,’ हा पुढचा युक्तिवाद. ब्रिटनमध्ये भुलेतल्या श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर नोंद करून २०११ साली अहवाल निघाला. भुलेतल्या अशा मृत्यूंमागचं सगळ्यात मोठं एकच कारण पोटातलं फुप्फुसात जाणं हेच होतं. घटना विरळ आहे, पण घडली तर ती माणूस नेऊ शकते, आणि ती विरळ आहे ती पोट रिकामं ठेवल्यामुळेही.

इमर्जन्सी म्हटलं की सगळं एकाच तराजूत घातलं जातं, तेही बरोबर नाही. नाळ बाहेर आलेलं बाळंतपण, फुटलेली नळीतली गर्भधारणा, डोक्यात साचत चाललेलं रक्त, यांना मिनिटांचा हिशेब असतो. लहान मुलाच्या वृषणाला पीळ पडला तर साधारण सहा तासांच्या आत तो सोडवावा लागतो, नाहीतर वृषण जाण्याची शक्यता वाढत जाते. ‘मुलाने आत्ताच पोहे खाल्लेत, संध्याकाळी घेऊ’ असं म्हणणारा डॉक्टर तिथे चूक करतो. उलट हात मोडला आहे, कातडी फाटलेली नाही, नाडी व्यवस्थित लागते आहे, तर त्या मुलाला काही तास वेदनाशामक देऊन थांबवता येतं. पण थांबल्यामुळे त्याचं पोट रिकामं होईलच असं नाही. दुखापत झाली, वेदना आणि भीती सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, जवळजवळ थांबतं. चार वाजता जेवलेला मुलगा साडेचारला झाडावरून पडला, तर रात्री अकरालाही त्याच्या पोटात दुपारचं जेवण सापडू शकतं. म्हणून आम्ही विचारतो, ‘पडला कधी आणि त्याआधी खाल्लं कधी?’ आतड्याला अडथळा आलेला माणूस तीन दिवस काही खात नसला तरी त्याचं जठर हिरव्या पाण्याने तुडुंब असतं. रायल्स ट्यूब घालून ते काढल्याशिवाय त्याला भूल देणं म्हणजे उघड धोका. नवव्या महिन्यातली बाईही तशीच. गर्भाशयाचा दाब, कडं सैल करणारे हार्मोन, कळांनी मंदावलेलं जठर, यांमुळे आम्ही तिचं पोट शेवटपर्यंत भरलेलंच धरतो, आणि म्हणूनच शक्य तिथे सिझर मणक्यात इंजेक्शन देऊन, तिला जागं ठेवून करतो.

मणक्याचं नाव निघालं की आणखी एक वाद येतो. ‘कमरेखालचंच बधिर करणार आहात, मग उपाशी कशाला?’ कारण ते इंजेक्शन कधी अपुरं पडतं, कधी ऑपरेशन लांबलं की उतरतं, कधी औषध वर चढून श्वास जड होतो. त्या क्षणी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोट रिकामं करायला वेळ नसतो. याच्या पलीकडे जिथे खरोखर फक्त जागा बधिर करायची आहे, झोपेचं औषध द्यायचंच नाही, तिथे उपाशी ठेवणं चूक आहे. डोळ्यात नुसते थेंब घालून होणारं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दात काढणं, नखाखालची गाठ. मधुमेही आजोबांना अशा कामासाठी सकाळपासून उपाशी बसवणाऱ्यांनी त्यांची साखर उतरवण्यापलीकडे काही साधलेलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे आमच्याकडे.

‘रात्री बारानंतर काहीही नाही, पाणीसुद्धा नाही.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या किती हॉस्पिटलांत आजही भिंतीवर, केसपेपरवर, सिस्टरच्या तोंडी आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. याला शास्त्राचा आधार नाही, आणि हे मी जबाबदारीने लिहिते आहे. जोसेफ लिस्टर, जंतुविरहित शस्त्रक्रियेचा जनक, याने १८८३ साली लिहून ठेवलं होतं की क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावं, पण दोनेक तास आधी कपभर चहा दिला तर तो हितकारक ठरतो. घन आणि द्रव यांतला हा फरक नंतरच्या काळात हरवला. यादी बदलली की गोंधळ नको, सगळ्यांना एकच सूचना बरी, या सोयीपोटी ‘रात्री बारानंतर काही नाही’ हे सरसकट झालं. त्याला नंतर एका आकड्याचा आधार दिला गेला: जठरात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त आम्ल द्रव असला की धोका. हा आकडा १९७४ साली एका माकडावर केलेल्या प्रयोगावरून काढला होता. रात्रभर उपाशी असलेल्या कित्येक निरोगी माणसांच्या जठरात याहून जास्त द्रव सापडतो, आणि त्यांना काहीही होत नाही.

१९८६ साली कॅनडातल्या कॅलगरीत रॉजर मॉल्टबी आणि सहकाऱ्यांनी पेशंटना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिलं. त्यांच्या जठरातला द्रव वाढला तर नाहीच, उलट पाणी न प्यायलेल्यांपेक्षा कमी भरला. साधं पाणी जठरातून फार लवकर खाली उतरतं. २००३ सालच्या कॉक्रेन समीक्षेने प्रौढांवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासून, पाणी जवळच्या वेळेपर्यंत दिल्याने धोका वाढल्याचा पुरावा नसल्याचं नोंदवलं. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच नियम मांडले आणि ते नंतर सुधारत गेले: पाण्यासारखे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, हलकं जेवण किंवा इतर दूध सहा तास, तळलेलं, तुपातलं, मटण-चिकन आठ तास. युरोपात निरोगी मुलांना पाणी एक तास आधीपर्यंत देण्याकडे कल आहे. पंचवीस वर्षं उलटली. तरी आमच्या वॉर्डांत बारा वाजतात आणि पेशंटच्या खाटेजवळचा तांब्या उचलला जातो.

याचा परिणाम बघा. रात्री नऊला जेवलेली बाई यादीत सकाळी तिसरी. सर्जन तीन हॉस्पिटलं सांभाळतो, आधीच्या ठिकाणी केस लांबली. दुपारी तीनला तिला आत घेतात. अठरा तास अन्न नाही, पंधरा तास पाणी नाही. डोकं दुखतंय, जीभ टाळूला चिकटलीय, शीर सापडत नाही, आणि भूल दिल्याबरोबर ब्लडप्रेशर उतरतं. अंगात पाणीच नाही तर उतरणारच. तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला सांगितलेलं असतं, रात्री बारानंतर अंगावर पाजू नका. ते बाळ पहाटेपासून ओरडत असतं आणि ती माउली त्याला कडेवर घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत असते, तेही बाळाला सकाळी नऊला घ्यायचं ठरलेलं असताना. पहाटे पाचला त्याला पोटभर पाजता आलं असतं. म्हातारी माणसं रोजची ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा घेत नाहीत, कारण ‘काहीच घ्यायचं नाही’ म्हटलं होतं. भूलतज्ज्ञाने चालू ठेवायला सांगितलेली गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

या दोन चुका वेगवेगळ्या नाहीत, त्या एकमेकींना पोसतात. नियम अकारण ताणला की लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. पाण्यालाही मनाई ऐकल्यावर माणूस म्हणतो, हे सगळंच थोतांड, आणि मग पाण्याऐवजी चहा घेतो, चहाबरोबर दोन बिस्किटं घेतो. चहा म्हणजे पाणीच, असंही मनाला समजावतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना चहात एक पंचमांशापर्यंत दूध चालवून घेतात. आपला उकळलेला, निम्म्या दुधाचा चहा त्या हिशेबात बसत नाही, त्यातलं दूध पोटात फाटून घट्ट होतं. संकष्टी असली तर साबुदाण्याची खिचडी ‘उपवासाची’ म्हणून चालते असं समजून खाल्ली जाते, दाण्याचा कूट आणि तुपासकट. आणि आत गेल्यावर विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही घेतलं.’ कारण खरं सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल, पुन्हा रजा, पुन्हा गावाहून येणं, आणि वर सगळ्यांसमोर बोलणी. अशा दडवलेल्या चहाइतकी भीती मला जेवून आलेल्या अपघातग्रस्ताची वाटत नाही. त्याच्यासाठी आम्ही तयार असतो.

त्यात आता एक नवी भर पडली आहे. मधुमेहासाठी आणि वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे. ही औषधं जठर सावकाश रिकामं करतात. भूक मरते ती अंशतः त्यामुळेच. अशा माणसाने सगळे तास नीट पाळले तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं. अमेरिकन संघटनेने २०२३ सालीच याबद्दल सावध केलं आहे. पण वजनाचं इंजेक्शन म्हणजे आजाराचं औषध नव्हे असं समजून पेशंट ते सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारायला विसरतो.

हॉस्पिटलांना यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत. प्रत्येक पेशंटला कागदावर, मराठीत, दोन वेळा लिहून द्या: शेवटचं जेवण अमुक वाजता, शेवटचं पाणी तमुक वाजता. यादीतल्या पहिल्याची आणि पाचव्याची वेळ एकच असू नये. लहान मुलं, मधुमेही आणि म्हातारी माणसं यादीत आधी घ्या. केस लांबली की थिएटरमधून वॉर्डात एक फोन करा, आणि ‘तिसऱ्या नंबरला अजून पाणी चालेल’ असं सिस्टरला सांगा. आणि ज्या पेशंटने खरं सांगितलं त्याला रागावू नका, मावशींसमोर आणि इतर नातेवाइकांसमोर तर मुळीच नाही. त्याने आपलं आणि आपल्या सर्जनचंही मोठं संकट टाळलेलं असतं.

आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला जाणार असेल तर भूलतज्ज्ञाला भेटायचा आग्रह धरा. जेवण किती वाजेपर्यंत आणि पाणी किती वाजेपर्यंत हे वेगवेगळं विचारा. ‘बारानंतर काही नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. चालू असलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक इंजेक्शन सांगा. आणि चुकून चहा प्यायला, बिस्किट खाल्लं, बाळाला मध्येच दूध पाजलं, तंबाखूची चिमूट तोंडात ठेवली, तर टेबलावर जाण्याआधी सांगा. फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल. कुणी रागावलं तरीही सांगा.